सातवं बटण

आधी लायलॅक शोधायचं.
रानात आपणहून येत नाही ते.
लायलॅक म्हणजे जवळ दार होतं,
दारापुढे वाट,
आणि वाटेवर माणसं खिसे गळत चालतात.
दोनशे वर्षांपूर्वीही गळतच चालली असणार.

व्हरमाँटच्या या टेकडीवर आता नुसते मेपल.
घराचं तळघर तेवढं उरलंय, दगड लावलेला खड्डा,
त्यात एक बर्च, घरमालकासारखा मधोमध.
ऑक्टोबर सरत आलेला. माझ्या अंगात नारिंगी जाकीट,
कारण बंदूकवाल्यांना या दिवसांत
हरीण आणि म्हातारी यांत फरक करायची फुरसत नसते.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी.
पाठीमागे चाळीस पोरांचा कालवा,
त्यातून कुठलं रडू खरं ते ओळखायचं.
हेडफोनमध्ये तेच काम.
लोखंड खेकसतं.
बीअरच्या डब्याची कडी गोड बोलून फसवते.
काडतुसाची टोपी तर पक्की लबाड.
तांबं मात्र एकदाच, नीट,
नाव घेऊन हाक मारल्यासारखं.

जमीन एल्डन पिकेटची.
परवानगी मागायला गेले तेव्हा शेळीचे खूर कापत होता.
वर न बघता म्हणाला, "निम्मं माझं."
कशाचं निम्मं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी तीन खिळे, अर्धी नाल,
एक चेपलेलं अंगुस्तान,
माझ्या करंगळीतही जाईना.
आणि तांब्याचं एक नाणं, इतकं झिजलेलं
की राजा होता की देवी, कळेना.
हातोहात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं,
कुणाचंच नाही असं.

मग लायलॅकपासून सहा पावलांवर हाक आली.
चपटं बटण, हिरवट, मागची कडी शाबूत.
खड्डा बुजवला, यंत्र चार बोटं सरकवलं.
पुन्हा हाक.
पुन्हा.
एका रेषेत सात.

बटणं अशी हरवत नाहीत, लुएला, मी मला म्हणाले.
हरवतं ते एकेकटं, घाईत नाहीतर भांडणात.
ओळीनं सात म्हणजे कोट होता.
कुणी काढून टाकलेला,
किंवा
(फावडं बाजूला ठेवलं, गुडघ्यांवर बसले,
हातांनी माती चाचपली बराच वेळ)
नाही. हाड नव्हतं. बकलही नव्हतं.
नुसताच कोट.
लोकर मुळांनी केव्हाच खाल्ली,
माती तेवढी बटणं लावून पडली होती इतकी वर्षं,
आणि मी ती सोडली, गळ्यापासून खालपर्यंत.

एल्डनच्या पडवीत वाटणी झाली.
तीन त्याची, तीन माझी.
सातव्याकडे बघत बसलो.
"नाणं उडवू," मी म्हणाले, "नाणं आहेच."
तो हसला.
त्याला छापा कुठे होता? काटा कुठे होता?

त्याच्या जाकिटाला छातीवर पिन.
मर्ना गेल्यापासून पिनच.
मी म्हटलं, काढ ते.
दोरा नव्हता घरात; दातांत फिरवायचा होता,
पुदिन्याच्या वासाचा, तो घेतला.
अंगुस्तान खिशात होतं, पण कुणाच्या बोटाचं.
सुई दोनदा टोचली.
लावून झालं तर काज लहान.
जुनं बटण आत शिरेना.
एल्डननं खूर कापायची सुरी आणली, पुसली मांडीवर,
आणि काज थोडं मोठं केलं,
हलक्या हातानं, जनावर बुजू नये असं.

मग तो शेळ्यांकडे निघाला.
त्याच्या बाकीच्या बटणांचं प्लॅस्टिक मला माहीत होतं.
जाता जाता मी यंत्र त्याच्या छातीसमोर धरलं.
एकदाच. नीट.

"काय म्हणतंय?" त्यानं विचारलं.
"काही नाही," मी म्हणाले,
हेडफोन उतरवत,
"लोखंड."