निशाणी डावा अंगठा

नेटवर्क मिळतं फक्त मामा तलावाच्या पाळीवर,
तेही मोहाच्या बुंध्याला पाठ टेकली तर.
तिथं बसून बारा दिवस झाले
मी खापरपणजोबाला शोधते आहे.

जिल्हा भंडारा. तहसील पवनी. मौजा चिचखेडा.
वर्ष एकोणीसशे अठरा.
खाली वाकडी अक्षरं : तुम्ही यंत्र नाही, हे सिद्ध करा.
केलं.
आता जात सिद्ध करा.
तीस तारखेच्या आत, नाहीतर नर्सिंगची सीट गेली.

मंगरू टाकलं. मंगऱ्या टाकलं.
रु ऱ्हस्व करून पाहिला.
लोणारे टाकलं, जे आडनाव
तेव्हा आम्हाला नव्हतंच.
कोणतीही नोंद आढळली नाही.
शिंगाड्याच्या वेलात डोंगी अडकलेला ढिवर
वेलाला शिव्या देत होता. मला बरं वाटलं.

सेतू केंद्रातला टेकराम हटवार म्हणाला,
ताई, शोधू नका. पानं उलटा.
कोतवाल बुकाची चारशे पानं चढवली आहेत, वाचायला कोणी नाही.
नाव टाकून सापडायला
आधी कोणीतरी नाव लिहून ठेवावं लागतं.
(हे तो म्हणाला नाही. हे माझं.)

त्या रात्री एका काळ्या बाईचा व्हिडिओ आपोआप समोर आला.
समुद्रापलीकडची. तीही पानं उलटत होती,
जहाजाच्या मालाची यादी.
तिच्या पणजीचं वय होतं, उंची होती,
किंमत होती. नाव नव्हतं.
ती यादीवर बोट ठेवून नुसती बसून राहिली.
भाषा कळली नाही. बसणं कळलं.

मग मी पानं उलटली.
जन्म, मुलगी, नाव नाही.
जन्म, मुलगा, मालगुजाराकडे, नावासकट, घटकेसकट.
कार्तिकात मानमोडी आली :
मरण, ताप.
मरण, ताप.
मरण, सदर.
सदर.
सदर.
सदर.
लिहिणाऱ्याचाही हात थकलेला.

आणि पान एकशे सत्तावीस :
मरण. मुलगी. वय तीन. ताप. महार. बाप : कोतवाल.

एवढंच. कोतवाल.
गावभर दारोदार जाऊन
कोण जन्मलं, कोण गेलं हे ज्यानं ध्यानात ठेवलं,
चार कोस चालत जाऊन ठाण्यात तोंडानं सांगितलं,
त्याचं नाव मुन्शीनं विचारलं नाही.
रोज येणाऱ्याला कोण विचारतं?

पण प्रत्येक पानाच्या तळाशी एक अंगठा होता.
बारा दिवस मी त्याला डाग समजत होते.

दोन बोटांनी मोठा केला.
गोल गोल रेषा, नांगरल्यासारख्या,
आणि मधून आडवी पांढरी फट.
एकशे सत्तावीसवरही तोच,
शाई जरा जास्त.

घरी आल्यावर बाबांच्या आत्याला दाखवला, देवांगनाआत्याला.
ऐंशीच्या पुढची. मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढलेला.
मोबाइल तिनं नाकापाशी नेला, मग लांब,
मग उताण्या तळहातावर ठेवला,
चिमणीचं पिल्लू ठेवावं तसा.
“आजाच्या आंगठ्याले चीर होती वं,” ती म्हणाली,
“धानकापनीतली. इळा लागलता.
माह्या गालाले खरखर करे.”
आणि गाल चोळला.

रात्री अर्ज उघडला.
माझ्या अंगठ्यानं फोन उघडतो,
त्याच्या अंगठ्यानं पान बंद व्हायचं.
पुराव्याचा प्रकार निवडा, असं लिहिलेलं.
यादीत अंगठा नव्हता.
“इतर” निवडलं, पान जोडलं.

फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे,
कृपया लहान करा.

देवांगनाआत्या खाटेवरून म्हणाली,
“का म्हंते?”
मी म्हटलं, आजा मोठा आहे म्हणते.
“हावच तं,” ती म्हणाली,
आणि कुशीवर वळली.