घरघर

केमीत नोव्हेंबरात तीनलाच अंधारतं.
तार्मोनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर
बेस उताणा ठेवलाय, तारा सोडवून.
सोल्डरिंगचा वास, माशांच्या डब्याच्या झाकणात कथलाचे थेंब.

बेस स्वस्तातला,
कागदाची गिरणी बंद पडली त्या महिन्यात घेतलेला.
नवे पिकअप त्याच्या दुप्पट किमतीचे:
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.

जुने उचलले, तर खाचेत
भुशाखाली पेन्सिलीनं लिहिलेलं
३१,
आणि शेजारी एक पाच पाकळ्यांचं फूल.

कुठल्या देशातल्या कुठल्या पाळीत,
जेवणाच्या घंटेला किती मिनिटं उरली असताना?
तार्मोनंही बावीस वर्षं रिळांवर आकडे टाकले.
फूल
एकदाही नाही.

घरघर कायमची जावी म्हणून
तो खाचेत तांब्याची पट्टी चिकटवत आला,
कडेकडेनं, नखानं दाबत.
फुलापाशी कात्री थांबली.
तेवढी जागा उघडी ठेवून
त्यानं नवे पिकअप बसवले, स्क्रू आवळले.

सगळ्यात जाडी तार छेडली.
कपाटातले पेले शहारले.
पिहला दारातून म्हणाली,
बाबा, थोडी येतेय अजून.

येऊ दे.