दीड पान

हॅवरकॅम्प साहेबांची भूमिका दीड पानाची.
सतरा वर्षं मीच टाइप करत आलोय,
दर निवडणुकीला थोडी झाडून-पुसून.
देशाचं संरक्षण आणि दहशतवादाशी लढा.
पहिलं वाक्य 'ठाम'ने सुरू होतं,
शेवटचं 'कदापि नाही'वर थांबतं.
मधलं सहसा कुणी वाचत नाही.

मार्लो क्रीक, ओहायो.
एक पूल, दोन चर्च, आणि पॅराशूट शिवणारा कारखाना,
जिथे बायका चष्मा नाकावर ओढून
नायलॉनवरचे टाके मोजतात.
संरक्षणाचा खर्च वाढला की
इथल्या बेकरीत दुसरी भट्टी पेटते.
हे त्या दीड पानात नाही.
पण साहेब सभागृहात हात वर करतात
तेव्हा तो पावाचा वास त्यांच्या नाकात असतो,
आणि मी त्याला लबाडी म्हणणार नाही.

शाळेच्या बसखाली बॉम्ब ठेवतो
त्याच्याशी बोलायचं तरी काय, ते विचारतात.
मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

ते स्वतः जाऊन आलेत. वाळवंटात, एकोणिसाव्या वर्षी,
रेडिओवर आकडे वाचायचं काम.
अक्षांश, रेखांश, पुन्हा एकदा, बरोबर, बंद.
एकदा मसुद्यात मी ते घातलं होतं.
त्यांनी लाल पेनाने काट मारली.
"आकडे बरोबर होते, ऑर्विल. मला एवढंच माहीत आहे."
मग बराच वेळ पेनाचं टोपण सापडेना.

मागच्या गुरुवारी डोरोथिया क्लिंगर आल्या.
कारखान्यात एकतीस वर्षं, बोटांना सुईचे घट्टे.
नातू एमेट परत आला तो खोकतच;
तळावर जाळलेल्या कचऱ्याचा धूर
त्याच्या छातीत अजून मुक्कामाला आहे.
अर्ज तीनदा नामंजूर. पुरावा अपुरा.
त्यांनी पिशवीतून काढला तो चौथा अर्ज असेल
असं मला वाटलं.
निघालं आमचंच दीड पान,
चौथ्या ओळीखाली रेघेऐवजी टाके,
खरेखुरे, पांढऱ्या दोऱ्याचे, एकसारखे.

आम्ही शोधू, आम्ही किंमत मोजू, आम्ही मागे हटणार नाही.

"यात मी आहे का?"

आमच्या भाषेत त्याला शब्द एकच.
ऐकणारा त्यात आहे की दाराबाहेर उभा,
ते तो सांगत नाही.
काही भाषांत म्हणे दोन असतात.
आम्हाला एकावरच भागवावं लागतं,
आणि निवडणुकीत तेच बरं पडतं.

"शोधायचं तुम्ही ठरवलंत," त्या म्हणाल्या,
"मोजतोय एमेट.
मागे हटायचं तर त्याला दम लागतो,
जिना उतरतानासुद्धा."
आवाज चढला नाही.
कपड्यात दोष दाखवावा तसं दाखवलं,
सुपरवायझरला.

साहेब खिडकीपाशी होते. पाठ आमच्याकडे.
"तिथे 'मी' लिही," ते म्हणाले.
"मी पाठवीन. किंमत ते मोजतील. तसंच लिही."
मी लिहिलं. कागदावर ते वाक्य
अनोळखी पाहुण्यासारखं अवघडून बसलं.

रात्री अकराला फोन आला.
"ऑर्विल, तूर्तास जुनंच राहू दे.
मंगळवारी मतदान आहे."
मधे थोडा वेळ फक्त श्वास.
"एमेटचा अर्ज माझ्या सहीने पाठव. मीच फोन करतो."
चौथा अर्ज अजून टेबलावरच फिरतोय.

घाईत मी झेरॉक्सला लावलं ते त्यांचंच पान होतं.
नऊशे प्रती निघाल्या. प्रत्येकीत चौथ्या ओळीखाली
बारीक, तुटक, राखाडी खुणा.
लोकांना वाटतं मशीनच्या काचेवर काही चिकटलंय.
परवा एकाने अंगठ्याने पुसून पाहिलं.