किती पायऱ्या

मुलुंडला परतलो तेव्हा
बॅगेतली सफरचंदाची मेणबत्ती
एका बाजूला कलली होती.
स्वेटर डांबरगोळ्यांसह माळ्यावर,
माकडटोपी कुणाचीच नाही, म्हणून खिळ्याला.

गेटवर बिष्ट.
अकरा वर्षं आमच्या गाड्यांचे नंबर लिहितोय;
त्याचं गाव नैनितालच्या तळ्याच्या वरचं,
हे मला परवा, निघताना कळलं.

फोन पुढे केला : ही बोट, हे आम्ही.
त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला
आणि आम्हाला बाजूला सारत
मागच्या काठापाशी गेला.
"पायऱ्या किती उघड्या होत्या, साहेब?
सात उघड्या पडल्या की आई म्हणायची,
आता पाऊस हवा."

मी मोजल्या नव्हत्या.
तासाचे पैसे मोजले होते,
नावाड्याकडे पाठ करून.

"आणि मधोमध गेल्यावर कसं दिसतं?
मी बोटीत कधी बसलोच नाही."

हिरवं, म्हणालो.
मग जरा वेळानं, गार.

त्याच्या रजिस्टरवर आता ती कललेली मेणबत्ती.
वात अजून पांढरी.
रात्री उशीर झाला की मी
लिफ्ट सोडून जिना चढतो,
आणि तिसऱ्या मजल्यापाशी कुठेतरी
मोजणं चुकतं.