गोळा

रात्री सव्वातीनला बाबा हाक मारत नाहीत,
पलंगाच्या पट्टीवर टाच आपटतात.
मला कळतं: उजवी पोटरी.
दिवा न लावता त्यांच्या पायाशी बसते,
चवडा धरून नडगीकडे रेटते
आणि कातडीखाली तो दगड सापडतो,
लिंबाएवढा, जिवंत.

दांडिया बाजारातल्या आखाड्याचे वस्ताद
तुळाजीराव घोरपडे, वय त्र्याऐंशी,
दातओठ खात म्हणतात, "सोडव गं याला."

सोडवते. पण धरलंय कुणी ते तरी ऐका.
तुम्हाला वाटतं स्नायू आक्रसतो,
उन्हात वाळत घातलेल्या चिंचेसारखा.
तसं नाही, बाबा. आत कुणीच लहान होत नाही.
जाड तंतू नि बारीक तंतू एकमेकांत घुसतात नुसते,
दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवावीत तसे.
बोटं तेवढीच,
तळवे जवळ येतात.

जाड तंतूला शेकडो डोकी.
बारीक तंतूवर त्यांनी धरायच्या जागा,
आणि त्या जागांवर एक दोरा आडवा,
दुपारी रावपुऱ्यातल्या दुकानांना लावलेल्या साखळीसारखा.
नसेची चिठ्ठी आली की
पेशीतल्या जाळीदार पोतड्या उघडतात,
कॅल्शियम सुटतं, साखळी बाजूला होते.
मग एकेक डोकं चिकटतं, मान वाकवतं, ओढतं,
सोडतं,
जरा पुढे जाऊन पुन्हा धरतं.
ओळखलंत?
तुमचा दोरीचा मल्लखांब.

"सगळी एकदम सोडत नाहीत ना?"
अंधारातून प्रश्न.
नाही. काही धरून असतात, तोवर बाकीची सोडतात.
"मग ठीक," म्हणतात,
पोराला पुढच्या उडीवर बढती द्यावी तसे.
आज फक्त नस येडी झालीये,
चिठ्ठीवर चिठ्ठी धाडतेय, कारण नसताना.

दुपारी वर्गात पंखा बंद होता.
शेवटच्या बाकावरून कृपाली शाह म्हणाली,
मॅडम, मेल्यावर तर स्नायू सैल पडायला हवेत,
ताठ का होतात?
मी फळ्यावर तीन अक्षरं लिहिली, ए टी पी.
म्हटलं, धरायला नाही, धरलेलं सोडायला
प्रत्येक डोक्याला याची एक पुडी लागते.
पुड्या संपल्या की
जो जिथे धरून आहे तो तिथेच राहतो.
तिने लिहून घेतलं.
मग विचारलं, परीक्षेला येईल का.

घरी येताना सूरसागरच्या कठड्याशी स्कूटर लावून
उगाच मूठ वळली, उघडली.
वळली, उघडली.
भजियावाला म्हणाला, "बेन, वाग्युं के?"
नाही, म्हटलं, काही लागलेलं नाही.

एकदा मी दोरीवर अडकले होते, आठवतं?
बारा फुटांवर, दोरी पायाच्या बोटांत,
दोन्ही मुठी पांढऱ्या.
खालून तुम्ही ओरडत होतात, "सोड! वरचा हात सोड!"
मला वाटलं, पडायला सांगताय.
शेवटी शिडी आणलीत, खांद्यावर घेऊन उतरवलंत
आणि पुन्हा चढतेस का, असं
कधीच विचारलं नाहीत.

आता आतले पंप लागले असतील कामाला,
कॅल्शियम कणाकणाने उचलून
परत पोतडीत भरताहेत.
त्यालाही पुडी लागतेच.
सैल पडणंसुद्धा फुकट नसतं हो, बाबा.

लिंबाची सुपारी होते,
सुपारीची नुसती पोटरी,
बारीक, केस गळालेली,
एरंडेलाचा वास अजून न सुटलेली.
वस्ताद घोरायला लागलेत.

माझं काम संपलंय खरं तर.
पण चवड्यावर रेटलेला माझाच अंगठा
आखडून बसलाय, उघडत नाही.
खाली दूधवाल्याची सायकल वाजते.
मी हात तिथेच ठेवते,
पुडी पोचेपर्यंत.