बोटभर खाच

नाशिकच्या आर्किटेक्ट बाई म्हणाल्या,
भिंत दिसली पाहिजे, कपाट नाही.
मी म्हणालो, बरं.
तीस वर्षं लोकांना कपाटंच दाखवत आलो मी.
कमळं कोरली, मोर कोरले,
अमळनेरातल्या अर्ध्या दिवाणांच्या पाठीवर
माझीच द्राक्षं लोंबतात.

आता काहीच न दिसण्याचं काम.
चिंधू म्हणाला, काका, हाई ते सोपं शे.
सोपं कसलं!
नक्षीत चुकलं तर एक पान वाढवता येतं,
इथे पानच नाही.
बारा फूट भिंत, सात पल्ले, भिंतीच्याच रंगाचे,
दोन पल्ल्यांत दोन मिलिमीटरची रेघ,
वरून खालपर्यंत तेवढीच.
मे महिन्यात लाकूड अंग चोरून बसतं,
आषाढात फुगतं, शेजाऱ्याला खांदा मारतं.
दोघांची समजूत
त्या दोन मिलिमीटरांत काढून ठेवायची.
हँडल नाही. दाबलं की उघडतं.

झालं तेव्हा लांब उभा राहून पाहिलं.
काही नव्हतं.
खोटं कशाला सांगू, ऊर भरून आला.

देवरे राहायला आले.
हेमकांतभाऊंनी जुनं सगळं वाटून टाकलं होतं,
लोखंडी खाट, शोकेसमधल्या बाहुल्या,
चार वेळा दाखवणारी चार घड्याळं.
हॉलमध्ये एक खुर्ची,
तीही खिडकीकडे तोंड करून.

दिवाळीआधी फोन आला, एक पल्ला लागत नाही.
गेलो तर आण्णा भिंतीशी.
तळहाताने दाबत होते, सरकत होते, पुन्हा दाबत होते,
आजारी बैलाचं पोट चाचपावं तसे.
मला म्हणाले, हळूच,
मन्हं कपाट कोठे शे भो?

आण्णा रेल्वे मेलमध्ये सॉर्टर होते.
भुसावळ ते सुरत, रात्रभर, हलत्या डब्यात,
अठ्ठेचाळीस खणांसमोर उभे.
धरणगाव, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा,
पत्ता वाचून होईतो हात खणात.
दिवे गेले तरी हात चुकला नाही म्हणे.

आता सात पल्ल्यांमागे कुठेतरी
त्यांचे दोन सदरे, पेन्शनचं पुस्तक, बीपीच्या गोळ्या.
मृणालवहिनी म्हणाल्या,
स्टिकर लावला होता आम्ही. त्यांनीच खरवडून काढला.
म्हणे, माले काय आंधया समजतस?

पल्ल्याचं काही नव्हतं, एक स्क्रू ढिला.
तो पिळला. मग पटाशी काढली.
कुणाला विचारलं नाही.
तिसऱ्या पल्ल्याच्या कडेला, कमरेच्या उंचीवर,
जिथे आण्णांचा हात थकून उतरतो,
एक खाच घेतली, बोटाच्या पेराएवढी.
घासली, परत घासली, त्याच रंगाचा हात दिला.
चार पावलांवरून मलाच दिसेना.

हत्यारं गुंडाळत बसलो मुद्दाम, उशीर करत.
रंग वाळला.
आण्णा आले भिंतीवरून हात फिरवत,
पहिला, दुसरा,
आणि बोट थांबलं.
हसले नाहीत. उघडलंही नाही लगेच.
बोट आत घालून नुसते उभे राहिले.
धरणगाव, म्हणाले.

जानेवारीत बाई फोटो काढायला आल्या.
एक मलाही पाठवला.
रात्री तो मोठा करून पाहिला,
अजून मोठा केला.
भिंत आहे. खुर्ची आहे. ऊन आहे.