अडतीस मीटर

कुताइसी. पहाटेचे साडेतीन.
ओतियानं कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हला एक कान चिकटवला,
मी शंभर मीटरवर, बेकरीच्या पायरीशी, दुसरा.
मधे डांबराखाली बिडाचा पाइप,
त्यात कुठेतरी एक भोक
कुणी विचारत नसताना बोलत बसलेलं.

तीस वर्षं तो काठीनं ऐकत आला:
लोखंडी काठी, एक टोक रस्त्याला, एक कानाला.
आता डावा गेलाय.
म्हणतो, "एका कानाला आवाज कळतो, ग्वांत्सा,
त्याचं गाव कळत नाही."

पडद्यावर दोन रेघा. दोन्ही नुसती खसखस.
एक दुसरीवर ठेवते,
नमुन्याला नमुन्यानं गुणते, बेरीज घेते.
अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात.
"शून्य? मग ओळखच नाही त्यांची."

तसं नसतं, ओतिया.
तुझं नि म्झियाचं बघ.
तू घरात शिरतोस, ती कणीक मळायला गेलेली.
ती परतते, तू घोरत.
संध्याकाळी थोडा वेळ दोघं जागे,
ते बाकीच्या चुकामुकीत फिटतं.
दोघांचा फेरा एकच, चोवीस तासांचा,
अंतर फक्त पाव फेऱ्याचं.
याला फेज म्हणतात.
दिवसभराचा गुणाकार करून बेरीज घेतली
तर हाती भोपळा.
एकाला सहा तास सरकव, मग बघ.

"मालकीण सरकू देईल तर!"

मी सरकवते. एक नमुना. गुणाकार, बेरीज.
अजून एक.
टॅक्सी गेली, ती त्याच्या कानाला कळली, माझ्या नाही;
माझ्याकडचा फ्रीज गुरगुरतो, तो त्याला ठाऊक नाही.
असल्या एकतर्फी गोष्टी जमेत टिकत नाहीत.
अजून एक.
वीस मिलिसेकंदांवर बेरीज ताठ उभी राहते,
आजूबाजूचं सगळं आडवं.

बिडातून आवाज सेकंदाला बाराशे मीटर,
म्हणजे चोवीस मीटरचा उशीर.
शंभरातून चोवीस गेले, शहात्तर. निम्मे अडतीस.
आधी ओतियाच्या कानानं ऐकलं,
म्हणून त्याच्या बाजूनं.

खडूची फुली मारली. खणणारे पाचला आले.
अडतीसवर पाइप कोरडा, धडधाकट.
कुणी माझ्याकडे बघितलं नाही,
ते बघण्याहून वाईट.

चाळिसावर पाणी उसळलं.
आणि भोकाच्या पुढे, बेकरीच्या अंगाला,
जोडलेलं दोन मीटर प्लास्टिक,
ज्यात आवाज रेंगाळतो,
ज्याचा नकाशात पत्ता नाही.
ओतिया खड्ड्यात वाकून बराच वेळ बघत राहिला.
"मीच घातलं होतं हे. अठ्ठ्याण्णव साली.
नोंद करायची राहिली."

बेकरीचं दार उघडलं. भट्टीतल्या भाकरीचा वास आला.
म्झिया पायरीवर, कोपरापर्यंत पीठ.
"ओतिया!"

तो लगबगीनं वळला,
भलत्याच बाजूला.